कोकणातली थंडी घड्याळ बघून येते

डिसेंबर लागला की मोबाईलवर हिवाळी रेसिप्यांचे रील सुरू होतात. बाजरीची खिचडी, सरसों का साग, उंधियो, गाजर हलवा, तुपात थबथबलेले डिंकाचे लाडू, नाहीतर मग क्रीम घातलेलं ब्रोकोलीचं सूप. पदार्थ सगळे चांगलेच आहेत, मला खायलाही आवडतात, पण हे सगळं ज्या थंडीसाठी जन्माला आलंय ती थंडी आमच्याकडे पडतच नाही, आणि जी पडते तिच्यात घरी काय रांधायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहूया.

आमच्याकडची थंडी म्हणजे पहाट आणि रात्र, बस्स. रत्नागिरीचं जानेवारीतलं सरासरी किमान तापमान 18-19 अंश आणि कमाल 31 च्या आसपास. म्हणजे सकाळी कानटोपी आणि दुपारी पंखा. थंडीच्या दिवसांत मधूनच बातमी येते की आज देशातलं सगळ्यात जास्त तापमान रत्नागिरीत नोंदलं गेलं, आणि बाहेरच्या लोकांना ती चुकीची वाटते, पण इथे राहणाऱ्याला त्यात काही नवल नाही. रात्री जमीन भराभर निवते, समुद्र तेवढा निवत नाही, त्यामुळे सह्याद्रीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, पहाटे अंगाला झोंबतो तो हाच. आणि तोच पूर्वेचा वारा दिवस वर आल्यावरही रेंगाळला की समुद्रावरचा खारा वारा आत यायला उशीर होतो आणि ऊन चटके द्यायला लागतं. कुडाळ, सावंतवाडी, दापोली असं किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की थंडी अजून वाढते, सकाळी पायवाटेवरून चाललं तर दवाने पाय भिजतात, पण तिथेही अकरा वाजले की स्वेटर खांद्यावर येतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की चोवीस तास गारठ्यात राहणाऱ्या माणसासाठी बनलेलं जेवण आपण इथे जसंच्या तसं आणलं तर ते दुपारच्या उन्हात बाधतं. इथल्या जुन्या बायकांनी थंडीचं जेवण वेळ बघून लावलेलं होतं. सकाळी गरम आणि पातळ, दुपारी नेहमीचं नारळाचं, रात्री परत गरम, पातळ, लसणीचं, आणि नारळाला सुट्टी. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण आमच्या सासूबाईंचं स्वयंपाकघर बघत बघत मला ते हळूहळू कळत गेलं. माझं माहेर अलिबागकडचं, सासर कुडाळकडचं. एकाच कोकणातल्या दोन टोकांच्या चुली, आणि दोन्हीकडे पदार्थ वेगळे असले तरी हा वेळेचा हिशोब सारखाच.

थंडी किती पडलीय हे सासूबाई न्हाणीघरातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीवरून ठरवतात. खोबरेल साधारण 24 अंशाच्या खाली गेलं की थिजायला लागतं. आधी बुडाला पांढरी साय दिसते, मग अर्धी बाटली, आणि एखाद्या सकाळी अख्खी बाटली पांढरी घट्ट. त्या दिवसापासून आमच्याकडे रात्रीच्या जेवणातून वाटप जातं. मी नवीन होते तेव्हा एकदा रात्री नारळाच्या वाटपाची आमटी करायला घेतली होती, तर त्या म्हणाल्या, "राती नारळ जड पडता गे." तेव्हा मला वाटलं हे असंच काहीतरी ऐकीव असणार. पण विचार केला तर पटतं, जे तेल बाटलीत थिजतं तेच ओल्या नारळाच्या आमटीतही असतं, रात्री ताटात आमटी निवली की कडेने पांढरट थर धरतो, तोंडात टाळूला चिकटतो, आणि वर लगेच झोपायचं. पोटात ते काही थिजत नाही, पोट आपलं 37 अंशावरच असतं, पण चरबीचं जेवण जठरातून पुढे सरकायला वेळ घेतं हे खरंच आहे. दुपारी खाल्लं तर चालायला, फिरायला वेळ असतो, रात्री नसतो.

सकाळची सुरुवात पेजेने. उकड्या तांदळाची, लाल. ज्यांनी ती कधी खाल्ली नाही त्यांना वाटतं भात जास्त पाण्यात शिजवला की झाली पेज, पण तसं नाही. उकडा तांदूळ म्हणजे भात आधी टरफलासकट उकडून, वाळवून मग सडलेला असतो, त्या उकडण्यामुळे कोंड्यातली बी गटातली जीवनसत्त्वं थोडी आतल्या दाण्यात उतरतात, म्हणून सडल्यावरही सगळी वाया जात नाहीत. शिजायला वेळ मात्र भरपूर घेतो. चुलीवर असेल तर सकाळचं पाणी तापवता तापवता बाजूच्या वैलावर होऊन जाते, गॅसवर मी रात्रीच तांदूळ भिजत घालते आणि सकाळी कुकरला भरपूर पाणी घालून लावते, मग झाकण काढून पाच-सात मिनिटं उकळत ठेवते, तेव्हा कुठे पाणी आणि दाणा एकजीव होतात. त्यात मीठ, आणि बाजूला आवळ्याचं लोणचं नाहीतर चुलीत भाजलेला सुक्या बांगड्याचा तुकडा. थंडीत एक गोष्ट होते, तहान लागत नाही, माणसं पाणी कमी पितात आणि मग डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतं म्हणून तक्रार करतात. वाडगाभर पेज पोटात गेली की पाणी न सांगता आत गेलेलं असतं. सासूबाईंचं अजूनही रोज चालू असतं, माझी ऑफिसची घाई बघून उंबऱ्यावरून हाक, "पेज पिवन जा गे." चहा-बिस्किटावर घराबाहेर पडलं तर दहा वाजता पोटात खड्डा पडतो, पेजेवर एक वाजेपर्यंत आठवण होत नाही.

दुपारचं फार लांबवत नाही. हा बांगड्याचा सीझन असतो, ताजा चांगला मिळतो, त्याचं तिरफळं घालून तिखलं, भात, आणि लाल माठाची नाहीतर मुळ्याची पाल्यासकट भाजी. तिरफळाचं काळं बी काढून टाकायचं आणि फक्त वरची साल किंचित ठेचून घालायची. बांगडा तेलकट मासा, ओमेगा-3 चांगलं असतं त्यात, थंडीत कोरड्या पडणाऱ्या कातडीलाही बरं. नारळ वाटायचा तो इथे वाटा, मनसोक्त. भाज्या या दिवसांत घरच्या असतात, भात कापून झाला की विहिरीजवळच्या कोपऱ्यात वाफे घालतात, माठ, मुळा, वाली, आणि पहाटेच्या दवावर तो पाला असा काही येतो की बाजारातली जुडी हातात घ्यावीशी वाटत नाही.

आता रात्र. आणि रात्र म्हणजे कुळथाची पिठी.

पिठीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण गरिबाचं जेवण म्हणून तिची इतकी वर्षं हेटाळणी झाली की पाहुणे आले की पिठी लपवून ठेवायची पद्धत मी डोळ्यांनी बघितलीय, आणि आता तीच पिठी हॉटेलात वाटीभर घेऊन लोक फोटो काढतात. मला त्याचा आनंदच आहे. पण घरात करायची तर कुळीथ कसा आहे इथपासून सुरुवात करावी लागते. कुळीथ भाजावा लागतो, मंद आचेवर, हलवत हलवत, एखाददुसरा दाणा तडतडला आणि घरभर खमंग वास आला की थांबायचं. मग जात्यावर भरडून, पाखडून टरफलं काढायची आणि मग दळायचं. टरफलासकट दळलेलं पीठ कडवट आणि काळपट होतं, बाजारात स्वस्त मिळतं ते बऱ्याचदा असलं असतं. चांगलं पीठ रंगाला फिकट तपकिरी, आणि चिमूटभर जिभेवर ठेवलं की भाजलेल्या दाण्याची चव लागते.

चार माणसांच्या पिठीला चार मोठे चमचे पीठ पुरतं. ते आधी वाटीभर गार पाण्यात कालवून ठेवायचं, गरम पाण्यात घातलं की गुठळ्या झाल्याच समजा. कढईत तेल जरा हात सैल सोडून, त्यात आठ-दहा लसणीच्या पाकळ्या सालासकट ठेचून. सोलायच्या नाहीत, साल तेलात कुरकुरीत होते आणि तिचा वेगळा वास येतो. लसूण बदामी व्हायला लागली की हिरवी मिरची, कांदा थोडा, मग चार वाट्या पाणी, मीठ, तीन-चार कोकमं. पाण्याला खळखळून उकळी आली की एका हाताने कालवलेलं पीठ सोडायचं आणि दुसऱ्या हाताने डाव फिरवत राहायचं. पहिली दोन मिनिटं वाटतं की फार पातळ झालं, अजून पीठ घालावं, अज्जिबात घालू नका. दहा मिनिटांत कच्चा वास जातो, वर बारीक बारीक बुडबुडे फुटायला लागतात, पिठी थोडी दाटते, आणि ताटात येईपर्यंत अजून दाटते. सासूबाईंचं एकच वाक्य, "पिठी पातळच होयी, भात भिजूक होयो." ती वाफाळत्या मऊ भातावर ओतायची, मध्ये आळं करून, आणि भुरकत खायची, निवू द्यायची नाही. बाजूला भाजलेला पापड नाहीतर सुका जवळा कांदा घालून. बस्स, बाकी काही लागत नाही.

लोक म्हणतात कुळीथ उष्ण. उष्ण म्हणजे काय हे मी बरेच दिवस डोक्यात घोळवत होते. त्यातलं थोडं शास्त्रात बसतं. प्रथिनं पचवायला शरीराला जास्त खटपट करावी लागते, त्यांच्यातून मिळणाऱ्या कॅलरीपैकी 20 ते 30 टक्के पचवण्यातच खर्च होतात आणि ती ऊब अंगाला मिळते, भात-भाकरीसारख्या पिठूळ पदार्थांत हेच प्रमाण 5 ते 10 टक्के आणि तेला-तुपात तर 3 टक्क्यांच्या आतच. आणि कुळथात 100 ग्रॅममागे साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. पण खरं सांगायचं तर वाटीभर पिठीत पीठ असतं जेमतेम एक चमचा, त्यातली ऊब ही बरीचशी गरम पाण्याची आणि लसूण-मिरचीची. प्रथिनं हवी असतील तर आठवड्यातून एकदोनदा कुळीथ मोड आणून त्याची उसळ करायलाच हवी. मोड यायला थंडीत वेळ लागतो, एक रात्र पुरत नाही, फडक्यात घट्ट बांधून चुलीच्या नाहीतर फ्रीजच्या मागच्या उबेला ठेवायचे. मोड आणल्याने दाण्यातले लोह-झिंक अडवून धरणारे घटक कमी होतात, आणि वरून लिंबू पिळलं की लोह अंगी लागायला अजून मदत होते. जेवणावर लगेच चहा मात्र नको, चहातली टॅनिनं ते लोह बांधून ठेवतात. आमच्याकडे जेवून उठलं की चहाचं आधण ठेवायची सवय फार घरांत आहे, ती तासभर पुढे ढकलली तरी पुष्कळ होईल.

मिरचीचंही असंच. मालवणी मसाला जास्त घातला की थंडीत बरं असा एक समज आहे. मिरची जिभेवरच्या ज्या नसांना छेडते त्या नसा गरम वस्तूचा चटका ओळखणाऱ्या असतात, म्हणून मेंदूला वाटतं तापलं, रक्त कातडीकडे धावतं, घाम येतो, आणि तो घाम वाळला की अंग उलट गार पडतं. तेव्हा रात्री झणझणीत रस्सा खाऊन अंगणात गप्पा मारत बसलं तर थंडी जास्त वाजते, हे अनुभवाचं आहे. आलं, मिरी, लसूण यांच्यावर भर द्यावा. आणि सुंठ. आलं वाळवलं की त्यातला तिखटपणा आणणारा घटक बदलून अजून जहाल होतो, म्हणून ओल्या आल्यापेक्षा सुंठ थोडी पुरते आणि घशात जास्त वेळ राहते.

पिठीचा कंटाळा आला तर कोकमाचं सार. उन्हाळ्यात सोलकढी गार पितात त्याच कोकमाचं हे थंडीतलं रूप म्हणा. मूठभर कोकमं गरम पाण्यात भिजवून चांगली कुस्करायची, गाळायचं, गूळ, मीठ, आणि तुपात जिरं, हिंग, सुकी मिरची, कढीपत्ता अशी फोडणी. उकळायचं नाही फार, एक उकळी बास. भांडं स्टीलचं किंवा कल्हईचं घ्या, ॲल्युमिनियममध्ये आंबट ठेवू नये. सर्दी झालेल्या पोराला हे कपातून देते मी, ते घोट घोट पीत बसतं आणि नाक मोकळं होतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आपल्या परसात लागतं, आणि घरात पाहुण्यांसमोर आपण पॅकेट फोडून टोमॅटो सूप करतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माहेरी हेच काम उकड करायची. तांदळाचं पीठ ताकात कालवून, लसूण, हिरवी मिरची, आलं, हिंगाच्या फोडणीत शिजवलेली, वरून कच्चं तेल. आईची उकड चमच्याने खायची नसे, बोटानेच, कडेकडेने, मधली गरम असते म्हणून. दहा मिनिटांत होते. ऑफिसातून उशिरा आल्यावर दुसरं काही सुचत नाही तेव्हा मी अजूनही तीच करते, आणि वर एक चमचा नाचणीचं पीठ घालते, रंग मळकट होतो पण चव चांगली लागते.

नाचणीवरून आठवलं. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं तेव्हापासून नाचणीचं कौतुक फार वाढलं, बिस्किटं आली, नूडल्स आल्या. नाचणीत कॅल्शियम 100 ग्रॅमला 340-360 मिलिग्रॅमच्या घरात, तांदळात त्याच्या मानाने नावापुरतंच, तेव्हा कौतुक रास्त आहे. पण आमच्या सासऱ्यांना शुगर आहे आणि त्यांना कुणीतरी सांगितलं नाचणीने शुगर वाढतच नाही, तर ते दोन्ही वेळ वाडगे भरभरून आंबील प्यायला लागले. असं नसतं. बारीक दळलेल्या पिठाची पातळ पेज कुठल्याही धान्याची असो, ती पटकन पचते आणि साखर वाढवते. भाकरी त्यापेक्षा बरी, आणि भाकरीसोबत पालेभाजी, उसळ असेल तर अजून बरी. आता त्यांना रात्री एक नाचणीची भाकरी, मोडाची उसळ आणि वाटीभर पिठी असं देते, भात नाही. भाकरी थंडीत थापताना पाणी कडकडीत उकळलेलं घ्यायचं, उकड काढायची, नाहीतर कडा फाटतात. आणि तव्यावरून थेट ताटात. थंडीत नाचणीची भाकरी निवली की तिचा दगड होतो.

माहेरची पोपटी इथे सासरी कुणाला माहीत नव्हती. रायगडात, अलिबाग-पेण-रोह्याकडे, भात कापून झाल्यावर त्याच ओलीवर शेतात वाल पेरतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये अंडी, बटाटे, कोंबडी असेल तर मसाला चोळून केळीच्या पानात गुंडाळलेली, परत शेंगा, आणि तोंडात पाला गच्च कोंबायचा. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती झावळ्या, पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही की तेलाचा थेंब नाही, शेंगांच्या स्वतःच्या ओलीवर सगळं शिजतं. अर्ध्या तासाने एकजण हात ओला करून मडक्यावर पाणी शिंपडतो, चर्र झालं आणि लगेच वाळलं की झाली. मग मडकं पालथं करून पेपरवर ओतायचं आणि सगळ्यांनी भोवती बसून सोलून खायचं, बोटं भाजत. भांबुर्डा ही शेताच्या बांधावर आपोआप उगवणारी झुडपं, कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, पण त्या पाल्याचा उग्र वास शेंगेत उतरल्याशिवाय पोपटी पोपटी लागत नाही. आरोग्याच्या दृष्टीने बघितलं तर याहून चांगलं थंडीचं जेवण दाखवा मला, शेंगांतले दाणे, अंडं, कंद, सगळं वाफेवरचं, तेलाशिवाय, आणि अंग शेकायला आग समोर. कुडाळला भांबुर्डा शोधून काढून अंगणात पोपटी लावली तेव्हा नवऱ्याने पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, आता डिसेंबरपासून तोच विचारतो वाल आले का म्हणून. सोबत अलिबागचा पांढरा कांदा हवा, गोड, पाणीदार, पण तो पुढे फेब्रुवारीच्या सुमाराला माळा बांधून रस्त्याकडेला दिसायला लागतो, तोवर आपला साधा.

इकडे पोपटीच्या जागी कंद. कणगर, करांदे, रताळी. करांदे बरेचसे कडवट असतात, ते साल चोळून, दोन-तीनदा पाणी बदलून, मिठाच्या पाण्यात उकडायचे, शेवटच्या पाण्यात थोडी राखही घालतात जुनी माणसं. कणगर मात्र साधी, स्वच्छ धुवायची, मातीचा कण राहू द्यायचा नाही, मिठाच्या पाण्यात उकडून गरम गरम सोलायची, आत पांढरीशुभ्र आणि पिठूळ. शाळेतून आलेल्या पोरांना संध्याकाळी पाच वाजता यापेक्षा चांगलं काही देता येणार नाही, चीप्सच्या पुडीत जेवढे पैसे जातात तेवढ्यात किलोभर कणगर नसली तरी पोटभर येते. आठवडी बाजारात एखादी म्हातारी टोपलीत घेऊन बसलेली असते, दहा वाजायच्या आत जायला लागतं, नंतर मिळत नाही. तिच्याकडून घेताना मी भाव करत नाही. डोंगरातून खणून काढायचे, निवडायचे, डोक्यावरून आणायचे, त्याला ती मागते तेवढे पैसे कमीच आहेत.

गोडाचं म्हणाल तर डिंकाचे लाडू माझ्या घरी होत नाहीत, हळिवाचे होतात. पाव वाटी हळीव वाटीभर शहाळ्याच्या पाण्यात भिजवायचे, दोन-तीन तासांत फुगून बुळबुळीत होतात. मग दोन वाट्या ओलं खोबरं, सव्वा वाटी गूळ, सगळं एकत्र कढईत घालून मंद आचेवर परतायचं, कडा सुटायला लागल्या की उतरवायचं, जायफळ, वेलची, चिमूटभर सुंठ. कोमट असतानाच वळायचे. तूप लागतच नाही, हाताला लावण्यापुरतं. लोह भरपूर म्हणून बाळंतिणीला देतात, गरोदरपणी मात्र देत नाहीत. ओल्या नारळाचे असल्यामुळे टिकत नाहीत, बाहेर तीन-चार दिवस, फ्रीजमध्ये आठवडाभर, म्हणून थोडेच करायचे. आणि हेही सकाळी, पेजेनंतर किंवा चहाबरोबर एक. नारळाचा नियम इथेही लागू.

रात्रीच्या गोडाला एकच सूट, जत्रेतलं खाजं. कार्तिकापासून आमच्या भागात जत्रा सुरू होतात, वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी, गावोगाव, आज या देवळात उद्या त्या, आणि रात्रभर दशावतार. बेसनाच्या काड्या तळून गुळाच्या पाकात घोळवलेल्या आणि त्यात आलं ठेचून घातलेलं. तळलेलं आहे, गोड आहे, हेल्दी कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण दोन वाजता मतलई वारा पाठीवर घेऊन नाटक बघत बसलेल्या माणसाला आलं-गुळाचं ते खाजं लागतंच, आणि ज्याने कुणी त्यात पहिल्यांदा आलं घातलं त्याला त्या रात्रीच्या थंडीचा अंदाज होता असं मला नेहमी वाटतं.

लेक पुण्याला हॉस्टेलवर असते. तिकडची थंडी वेगळी, कोरडी आणि लांबणारी, तेव्हा तिला मी इथला नारळाचा नियम लावत नाही, बाजरीची भाकरी मिळते तिथे ती खा, तूप खा म्हणते. पण खोलीवर इंडक्शन आहे आणि रात्री दोघी-तिघी मिळून काहीतरी करतात, तर तिला पिठाची बरणी, लसणीची गड्डी आणि कोकमाची पुडी पाठवून दिली. परवा व्हिडिओ कॉलवर दाखवत होती, पिठी घट्ट गोळा झाली होती, तिच्या मैत्रिणी तेच पोळीला लावून खात होत्या आणि छान आहे म्हणत होत्या. मी म्हटलं असू दे, पुढच्या वेळी पाणी वाढव. सासूबाई मागून फोनमध्ये डोकावून तेच भाताचं वाक्य म्हणाल्या.

आमच्या शेतात भात कापल्यावर नोव्हेंबरात कुळीथ टाकलाय. त्याला पाणी देत नाहीत, जमिनीत राहिलेली ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर तो येतो, फेब्रुवारी-मार्चात काढायला होतो. म्हणजे थंडीभर आपण खातो तो गेल्या साली काढलेला, आणि आत्ता शेतात दिसतो तो पुढच्या थंडीचा. काढल्यावर ऊन चांगलं दाखवून, राख लावून डब्यात भरला की वर्षभर भुंगा लागत नाही, भाजून दळायचा मात्र लागेल तसाच, दोन महिन्यांपुरता, कारण पीठ जुनं झालं की खमंगपणा जातो. गेल्या सालचे दाणे आता डब्याच्या बुडाला आलेत, या रविवारी तेवढे भाजून घेते. कुणाला पीठ हवं असेल तर आधी सांगा, किलोभराच्या वर निघणार नाही, आणि त्यातलं अर्धं पुण्याला जायचंय.